श्रावणातला पांढरा रंग

सेन्सेईंचं शेवटचं मोठं चित्र माझ्यामुळे बिघडलं. भारतात परत आल्यापासून ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. सांगितली की लोक लगेच, "अगं, तुझा हेतू काही वाईट नव्हता ना," म्हणून पाठीवरून हात फिरवतील, आणि तो हात मला नको आहे.

त्या वर्षांत पुण्या-मुंबईची निम्मी आयटी जपानला, हिगाशी-कसाईला उतरली होती. आमच्या इमारतीच्या लिफ्टला फोडणीचा वास यायचा, आणि शनिवारी सुपरमार्केटमध्ये भेंडीच्या पाकिटावर दोन मराठी हात एकदम पडायचे. नवऱ्याचं ऑफिस तोयोसूला होतं. सहा महिन्यांचा प्रोजेक्ट वाढत वाढत तीन वर्षांचा झाला. मी पुण्यात शाळेत भूगोल शिकवत होते, ती नोकरी सोडून आले होते. पासपोर्टवर 'डिपेंडंट' असा शिक्का बसला, तो मला फार लागला. दिवसभर घरात बसून मी घासलेलीच भांडी पुन्हा घासायचे.

वॉर्डाच्या सभागृहात आठवड्यातून दोनदा परदेशी बायकांना फुकट जपानी शिकवायचे. शिकवणारे सगळे निवृत्त लोक. माझ्या वाट्याला आलेले गृहस्थ पंचाहत्तरीच्या पुढचे होते, हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत, म्हणून मीही. बोलायला फार थोडे. एखादा शब्द मला येत नसला की वहीत त्याचं चित्र काढून द्यायचे. छत्री, वांगं, पोस्टमन. त्यांचा हात थरथरायचा, पण पेन्सिल कागदाला टेकली की थरथर थांबायची. मला त्याचं नवल वाटायचं.

एकदा प्रत्येकीने आपल्याकडचा पदार्थ करून दाखवायचं ठरलं. मी पोळ्या केल्या. बाकीचे तव्याकडे बघत होते, सेन्सेई मात्र माझ्या हातांकडे. पोळ्या खाऊन सगळ्यांनी वाहवा केली. सेन्सेईंनी उरलेल्या कणकेचा गोळा उचलला, अंगठ्याने दाबला, मग स्वतःच्या कानाची पाळी दाबून पाहिली. पुन्हा गोळा, पुन्हा पाळी. मला हसू आवरेना. ते गंभीरपणे म्हणाले, "ओकुसान," म्हणजे वहिनी, "माझं एक काम कराल का?"

अशी मी त्यांच्या घरी जायला लागले. आमच्या इमारतीच्या मागेच, दोन अपार्टमेंट ब्लॉकच्या मध्ये अडकलेलं त्यांचं जुनं लाकडी घर होतं. पत्नी चार वर्षांपूर्वी गेलेली. मुलगी त्सुकुबाला एका संशोधन संस्थेत होती, रविवारी यायची. वरच्या खोलीत जमिनीवर कागद आडवा पसरून ते गुडघ्यांवर बसून रंगवायचे. ते जुन्या जपानी पद्धतीचे चित्रकार होते. दगड कुटून केलेले रंग, शिंपल्यांच्या पुडीचा पांढरा. त्या पांढऱ्याला गोफुन म्हणतात. ही पूड खलात घोटायची, तिच्यात निकावा नावाचा पातळ केलेला सरस थेंब थेंब घालायचा आणि कणकेसारखं मळायचं. कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की त्याचा गोळा बशीत शंभरदा आपटायचा, मग कोमट पाण्यात बोटाने विरघळवायचा. सरस कमी पडला तर रंग पुडीसारखा हाताला लागतो, जास्त झाला तर तडकतो. सेन्सेईंच्या बोटांना संधिवात. मळणं त्यांना जमेनासं झालं होतं आणि पांढऱ्यावाचून त्यांचं पान हलत नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी गोळा मळून दिला. त्यांनी तो दाबला आणि बशी पुढे ओढली. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळी उशी मांडून ठेवलेली होती.

मी मळत असताना ते तुकड्यातुकड्यांनी आपलं आयुष्य सांगत. त्यांचा जन्म कापड रंगवणाऱ्याच्या घरचा. चौदाव्या वर्षी त्यांना क्योतोच्या एका चित्रकाराकडे ठेवलं. तिथे पहिली तीन वर्षं ब्रश हातात आला तो फक्त धुण्यासाठी. गुरूंचं गोफुन मळायचं, आंघोळीचं पाणी तापवायचं आणि बघायचं. चौथ्या वर्षी गुरूंनी एक पान काढायला सांगितलं. काढलेलं पान पाहून ते म्हणाले, "हे तू मला बघून काढलंस. पान बघून काढ." मग युद्ध घरापर्यंत आलं आणि त्यांना कारखान्यात धाडलं. परत आले तेव्हा गुरूंचं घर उभं होतं, पण मोठमोठे लोक म्हणत होते की ही चित्रकला आता संपली, असल्या चित्रांनीच आपल्याला झोपवून ठेवलं. सेन्सेईंनाही ते पटलं. दहा वर्षं त्यांनी तैलरंगात काळी, चिडलेली चित्रं काढली. त्यांतलं एक फक्त उरलं होतं, कपाटाच्या तळाशी पाट म्हणून घातलेलं. मी ते पाहायला मागितलं, तर म्हणाले, "त्याच्यावर लोणच्याची बरणी आहे. राहू द्या."

पुढे लग्न झालं, शाळेत नोकरी लागली आणि चित्रं जवळजवळ थांबली. मरणापूर्वी गुरूंनी त्यांना एक पोस्टकार्ड पाठवलं होतं. त्यावर एवढंच होतं: पांढरा तुझा अजून राहिला आहे. ते कार्ड वाचून, चाळिशी उलटल्यावर, ते पुन्हा दगडी रंगांकडे वळले. तिथून पुढची तीसेक वर्षं त्यांनी पांढऱ्याच गोष्टी रंगवल्या. पाण्यातलं तोफू, चिरलेला मुळा, सायकलस्टँडच्या पत्र्यावरचा बर्फ, दाराचा फाटलेला कागद. नाव असं झालं नाही. वॉर्डाच्या सभागृहात दर शरद ऋतूत प्रदर्शन भरायचं, तिथे त्यांचं एक चित्र लागायचं, बस. त्यांना त्याची खंत नव्हती, निदान मला तरी कधी दिसली नाही.

मी त्यांच्याकडे जायला लागले त्या वसंतात त्यांनी एक चित्र करायला घेतलं होतं, माणसाच्या उंचीचं. जपानी बायका स्वयंपाक करताना बाह्यांचा पांढरा एप्रन घालतात, तसा एक एप्रन बांबूवर वाळत घातलेला. त्यांच्या पत्नीचा होता. ती जिवंत असताना त्यांनी तिचं एकही चित्र काढलं नव्हतं. "ती समोर असायची, म्हणून बघितलं नाही," ते म्हणाले. धुऊन धुऊन विरलेल्या कापडाचा पांढरा, शिलाईशी जाड झालेला, उन्हाकडचा, सावलीतला, असे वीस-वीस थर ते एकावर एक चढवत. एक थर वाळायला अर्धा दिवस. जूनअखेर खालचा घेर पूर्ण झाला. तो पाहून मला ते कापड हातात धरावंसं वाटलं.

मुलगी त्यांना त्सुकुबाला बोलावत होती. नवी वेगवान रेल्वे झाली आहे, माझ्याकडे मोठी खोली आहे, इथे जिन्यावरून पडलात तर कोण बघणार, असं ती दर रविवारी म्हणायची. ते म्हणायचे, "हात चालतोय तोवर इथे. हात थांबला की येतो." तिने हा करार मान्य केला होता. म्हणजे सगळं त्या हातावर होतं.

जुलैच्या एका रविवारी ती मला चहा देताना सहज म्हणाली, "तुम्ही मांस खात नाही ना? मग निकावा हाताळताना तुम्हाला काही वाटत नाही? गाईच्या, हरणाच्या कातड्याचा असतो तो."

मला माहीत नव्हतं. मधाच्या रंगाच्या त्या काड्या पाहून मी झाडाचा डिंक समजत होते. चार महिने मी त्या भिजवत होते, मंद आचेवर पातळ करत होते, गाळत होते, हाताने मळत होते. शिंपल्याचं मला कधी काही वाटलं नाही, तो तर चुनाच. पण गाईचं कातडं म्हटल्यावर चहाचा पेला मी तसाच खाली ठेवला. घरी येऊन मी हात इतके घासले की नवऱ्याने विचारलं, "काय गं, काय सांडलं?"

दोन आठवड्यांवर श्रावण होता, तोवर मी कसंबसं मळत राहिले. खरं सांगायचं तर पुण्यात मी श्रावण पाळत नव्हते. सासूबाई सोमवार करायच्या आणि मी शाळेच्या कँटीनमध्ये कांदाभजी खायचे. हिगाशी-कसाईला आल्यावर मात्र मी कडक झाले. कांदा-लसूण बंद, सोमवारी एकभुक्त, शुक्रवारी पुरण. आमच्या मजल्यावरच्या सगळ्याच बायका तिथे येऊन सोवळ्या झाल्या होत्या. घरापासून इतक्या लांब दुसरं धरण्यासारखं काही नव्हतं.

साधा मार्ग हा होता की सेन्सेईंना सांगायचं, महिनाभर मला हे जमणार नाही. मी सांगितलं नाही. जपानी तेवढं येत नव्हतं ही सबब खोटी आहे, तेवढं मला येत होतं. मला भीती वाटली की महिनाभरासाठी ते दुसरं कुणी शोधतील आणि ती उशी मग तिचीच होईल. त्या परक्या शहरात मला ओळखणारी आणि माझी गरज असलेली तेवढी एकच जागा होती. ती मला सोडवेना.

आईने पुण्याहून डिंकाच्या लाडवांसाठी खायचा डिंक पाठवला होता, चांगला अर्धा किलो. डिंक तो डिंक, चिकटवण्याशी काम, असं मी स्वतःला समजावलं. घरी तो पाण्यात विरघळवला, फडक्याने गाळला आणि निकावाच्या बाटलीत भरून नेला. रंग अगदी तोच. निकावाला थोडा वास असतो, पण सेन्सेईंचं नाक म्हातारपणाने गेलेलंच होतं.

श्रावणभर मी डिंकात गोफुन मळलं. गोळा छान व्हायचा, उलट जरा जास्तच गुळगुळीत. सेन्सेई एप्रनचा वरचा भाग रंगवत होते, खांदे, बाह्या, मानेची पट्टी. पहिल्या आठवड्यात ते थांबून बोटं एकमेकांवर घासू लागले. "आज निसरडं वाटतंय," म्हणाले. मी म्हटलं, "हवा दमट आहे." दुसऱ्या थराखाली पहिला थर सुटायला लागला, तेव्हा त्यांनी ब्रश बदलला. मग पाणी बदललं. मग एक दिवस हात मांडीवर ठेवून बराच वेळ नुसते बसून राहिले. मी समोर बसून गोळा आपटत होते, शंभरपर्यंत मोजत होते. मला काहीतरी कळत होतं, पण मी ते स्वतःला कळू दिलं नाही. श्रावण संपला आणि मी गुपचूप निकावाकडे परतले. तोवर वरचा भाग पूर्ण झाला होता. राहिलं होतं मागचं आकाश.

शरदात चित्र प्रदर्शनात लागलं. पहिल्या दिवशी मी नवऱ्यालाही घेऊन गेले. तो चित्रासमोर उभा राहून म्हणाला, "अगं, खरंच वाळत घातलंय असं वाटतं." मी फार मिरवले, जणू मीच काढलं होतं.

पाचव्या दिवशी सेन्सेईंना फोन आला. मी तेव्हा तिथेच होते, दोघं मिळून गेलो. सभागृहात हीटर सुरू झाले होते, हवा कोरडी पडली होती. एप्रनच्या खांद्याशी भेगा पडल्या होत्या आणि चित्राखाली फरशीवर पांढरे पोपडे पडले होते. आम्ही उभे असतानाच बाहीचा एक तुकडा सुटून पडला. संयोजक हळू आवाजात माफी मागत होते, पण चित्र उतरवावं लागेल म्हणत होते. सेन्सेईंनी त्यांना कमरेतून वाकून नमस्कार केला. नवशिका पोरगा वाकेल इतकं खाली. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी ते पोपडे एकेक करून रुमालात गोळा केले.

टॅक्सीत ते एकच वाक्य बोलले. "सरसाचा अंदाज चुकला. माझी बोटं गेली."

त्याच रविवारी त्यांनी मुलीला सांगितलं की ते त्सुकुबाला येतील.

मी घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही, त्याला प्रश्न सोडवायची सवय आहे. म्हणाला, "सांगून काय होणार? चित्र दुरुस्त होणार आहे का? मार्चमध्ये मला प्रोजेक्टमधून रिलीज आहे, आपण परत जातोय. त्यांची मुलगी तर खूशच आहे. उगाच म्हाताऱ्या माणसाला त्रास." ऐकायला ते बरोबर वाटत होतं आणि मला ते हवंही होतं. तीन आठवडे मी तेच धरून बसले.

त्या तीन आठवड्यांत घर आवरलं जात होतं. रंगांच्या बाटल्या खोक्यांत गेल्या. दगडी हिरवा, दगडी निळा, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. कचऱ्याच्या वेगवेगळ्या दिवसांप्रमाणे कागद, काच, कापड वेगळं करून ठेवलेलं. सेन्सेई मदत करत नव्हते. खालच्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसायचे. चहाचा पेला उचलतानासुद्धा आधी हाताकडे बघायचे, हा उचलेल की नाही अशा नजरेने. ते बघवत नव्हतं. पुण्यातल्या शाळेत एक गुणी पोर एकदा नापास झालं होतं आणि नंतर येणारं उत्तरही सांगेना, त्याची मला आठवण झाली.

शेवटच्या रविवारी मुलीने मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर सेन्सेईंनी माझ्याकडे हात करून तिला सांगितलं, "या ओकुसानांनी एकही दिवस मळण्यात चूक केली नाही. एवढा स्वच्छ गोळा मी क्योतोतही कधी करू शकलो नाही. यांच्या मेहनतीला माझ्या हाताने कमीपणा आणला." आणि ते मला वाकून नमस्कार करू लागले.

मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "सेन्सेई, तो निकावा नव्हता."

मग सगळं बोलले. श्रावण म्हणजे काय, डिंक म्हणजे काय, कधी सुरू केलं, कधी थांबवलं. शब्द अडले तिथे अडले, रडू आलं तिथे रडले. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. ती अतिशय सभ्यपणे म्हणाली, "तुम्ही सांगितलं असतंत तर महिनाभर मी सुट्टी घेऊन मळून दिलं असतं." यापेक्षा तिने मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

सेन्सेई उठले, भिंतीशी कापडात गुंडाळून ठेवलेलं चित्र त्यांनी स्वतः सोडवलं आणि खिडकीशी आडवं ठेवलं. खालच्या घेरावरून त्यांनी बोट फिरवलं. तो पक्का होता, एक कणही सुटला नव्हता. मग बोट वर नेलं, जिथून सुटायला लागलं होतं तिथे थांबले. मला विचारलं, "श्रावण इथून?"

मी जवळ जाऊन पाहिलं. कमरेच्या नाडीच्या बरोबर वर. "हो," म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात समोर धरले आणि त्या हातांकडे बघितलं. "यांनी मला रोज सांगितलं," ते म्हणाले. "निसरडं आहे, चुकतंय, असं रोज सांगत होते. मी यांना म्हणत होतो, तुम्ही म्हातारे झालात, गप्प बसा." मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, चित्रासाठी. ते चित्रासाठी नव्हतं. सेन्सेई हसतही होते.

त्सुकुबाचं रद्द झालं. मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, नंतर बोलली. खोकी पुन्हा उघडली गेली. सेन्सेईंनी एप्रनचा वरचा भाग ओल्या फडक्याने पुसून पार कागदापर्यंत नेला आणि पुन्हा पहिल्या थरापासून सुरुवात केली.

मी परत जायला लागले. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. चहा आधी मला द्यायचे, आईची चौकशी करायचे. डिंकाचे लाडू करून नेले तर दोन खाल्ले आणि म्हणाले, याचा खरा उपयोग हा. माझी उशी होती तिथेच होती. पण गोफुनची बशी आता त्यांच्यासमोर असायची. वाकड्या बोटांनी ते दहादा दाबायचे, थांबायचे, फुंकर घालायचे, पुन्हा दाबायचे. मी पाच मिनिटांत करायचे त्याला त्यांना सकाळ लागायची. एकदा न राहवून मी हात पुढे केला. त्यांनी हसून मान हलवली आणि बशी किंचित आपल्याकडे ओढून घेतली.

मार्चमध्ये आम्ही निघालो त्याच्या आदल्या दिवशी चित्र पूर्ण झालं होतं. खालचा पांढरा गुळगुळीत, माझ्या हातचा. वरचा जरा खरखरीत, जाड, कुठे कुठे दाणा राहिलेला, त्यांच्या हातचा. कमरेशी दोन्ही पांढरे एकमेकांना मिळत नव्हते आणि त्यांनी ते मिळवायचा प्रयत्नही केला नव्हता. खरं कापड वरच्या भागातच वाटत होतं, हे मला मान्य करावं लागलं. कोपऱ्यात त्यांनी आपली लाल मोहर उठवली.

त्यांनी मला माफ केलं होतं, यात मला कधीच शंका नव्हती. आपल्या हातांवरचा त्यांचा विश्वासही परत आला होता. पण पांढरा मळायला त्यांनी मला पुन्हा कधी दिला नाही, आणि मीही मागितला नाही.